करवंटीच्या सक्रिय कार्बनने पाण्यातला रंग कसा काढावा

चुलीतला कोळसा कुटून रंगीत पाण्यात टाकला तर रंग फारसा उतरत नाही, पाणी तेवढे काळे होते. रंग धरायला सूक्ष्म छिद्रांचे जाळे लागते; असे जाळे तयार केलेला कोळसा म्हणजे सक्रिय कार्बन. खालची फॉस्फोरिक आम्लाची पद्धत प्रयोगशाळेतच, हातमोजे-चष्मा घालून आणि भट्टीचा धूर बाहेर जाईल अशी सोय करून वापरावी.

कार्बन तयार करणे

करवंटीवरचा काथ्या खरवडा, 2-3 मिमीचे तुकडे करा, धुऊन 110 अंश सेल्सिअसला वाळवा. 50 मिली पाण्यात 85 टक्के आम्ल 35 मिली हळूहळू ओता. आम्लावर पाणी ओतू नका. त्यात 50 ग्रॅम तुकडे रात्रभर भिजवा आणि न निथळता पुन्हा 110 अंशांवर ठेवा. थोडे चिकट राहिले तरी चालते. झाकणाच्या मुशीत (उष्णता सोसणाऱ्या भांड्यात) भरून मफल भट्टीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद विद्युत भट्टीत, 500 अंशांवर एक तास तापवा. झाकण सैल असेल तर वरच्या थराची राख होते. मूस पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.

आता धुणे. काम कंटाळवाणे, पण घात इथेच होतो. धुवणाचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; 7 म्हणजे उदासीन) 6-7 येईपर्यंत गरम डिस्टिल्ड वॉटरने धूत राहा, नाहीतर उरलेले आम्ल छिद्रे बुजवते. मग वाळवून, कुटून बारीक चाळा.

चाचणी

मिथिलीन ब्लू या धन भाराच्या निळ्या रंगाचे लिटरला 20 मिग्रॅ द्रावण करा. पाच बीकरांत ते प्रत्येकी 100 मिली घ्या आणि चारांत अनुक्रमे 0.02, 0.05, 0.1 आणि 0.2 ग्रॅम कार्बन टाका. पाचवा तसाच ठेवा. तासभर ढवळून गाळा आणि उरलेला रंग 660 नॅनोमीटरला कलरीमीटरवर (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणावर) मोजा. गाळण कागद स्वतःच हा रंग शोषतो, म्हणून कार्बन नसलेला बीकरही गाळा. नाहीतर कागदाचे श्रेय कार्बनला जाते. चारही स्वच्छ झाले तर मात्रा कमी करून पुन्हा करा.

खरे सांडपाणी

इचलकरंजी-सोलापूरकडच्या सुती रंगाईत बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे) असतात. त्यांच्यावर ऋण भार असतो आणि सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यात कार्बनच्या पृष्ठभागावरही ऋण भार येतो आणि तो रंगाला दूर ढकलतो. मिथिलीन ब्लूवर मिळालेला आकडा इथे लागू करू नका. आधी तुरटीने गाळ बसवा, पीएच 3-4 वर आणा, मग कार्बन वापरा आणि सोडण्यापूर्वी पाणी उदासीन करा.

कार्बन रंग नष्ट करत नाही, फक्त धरून ठेवतो. वापरलेला कार्बन शेतात किंवा कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्यात द्या.