मानसिक आजारातल्या सोबत्यांचा ऑनलाइन गट कसा चालवावा

‘याला ठाण्याला भरती करा’ हा टोमणा महाराष्ट्रभर चालतो. म्हणूनच 1901 पासून असलेल्या इथल्या मनोरुग्णालयाची ओपीडी गाठायला खुद्द ठाणेकरही कचरतात. आधी जाऊन आलेला कुणी केसपेपर कसा काढायचा, सोबत कोणाला न्यायचं एवढं जरी सांगितलं, तरी पाऊल उचललं जातं. आमच्या मते गटाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

गट 12 ते 15 जणांचाच ठेवा आणि चालक किमान तीन हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. घोडबंदर रोडच्या एकाच सोसायटीतले दोघे गटात आले, की दोघेही गप्प होतात. टेलिग्रामवर नंबर लपवून टोपणनावाने राहता येतं, ते बरं. मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातील असं सेटिंग करा. स्क्रीनशॉट मात्र त्याने थांबत नाहीत, त्यासाठी पहिल्याच दिवशी स्पष्ट नियम सांगावा लागतो.

गप्पांची वेळ रात्री 9 ते 10:30. लोकलची गर्दी सोसून आलेल्या माणसाचं तोवर जेवण झालेलं असतं. दिवसभर गट उघडा राहिला, तर तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळलं जातं आणि वाचणाऱ्याचाही जीव घुसमटतो. कुणी मन मोकळं केलं, की आधी विचारा: ‘सल्ला हवाय, की नुसतं ऐकू?’

गोळ्यांच्या डोसची चर्चा अजिबात नको. ‘गोळी सोडली, मस्त वाटतंय’ असं लिहिणारा त्या आठवड्यापुरतं खरंच सांगत असतो. पण आजार कित्येकदा काही आठवड्यांनी, महिन्यांनी उलटतो. तोवर त्याचं वाचून आणखी कुणी गोळी बंद केलेली असते.

रात्री कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं, तर गटात समजूत घालत बसू नका. एका चालकाने लगेच फोन लावायचा आणि सरळ विचारायचं: ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कसं करायचं ठरवलंय का, ती वस्तू हाताशी आहे का, घरात कोण आहे, हेही विचारा. जवळ माणूस पोचेपर्यंत फोन ठेवू नका. त्यासाठी गटात घेतानाच प्रत्येकाकडून एका जवळच्याचा नंबर आणि त्याला कळवायची परवानगी घेऊन ठेवावी. तो नंबर फक्त चालकांकडे राहील. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112 या आपत्कालीन नंबरला फोन करा. एरवी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालतो. तो गटात कायम वर पिन केलेला असू द्या, कारण गट बंद असताना दोन वाजता जागं असलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो. आत्महत्येच्या पद्धतीचा उल्लेख आला, तर चालकाने तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करावा. तपशील वाचून आधीच खचलेल्या दुसऱ्यालाही तीच वाट दिसू लागते.

असा फोन घेतलेल्या चालकाला पुढचा आठवडा गट सांभाळायची पाळी देऊ नका.