युजर ग्रुपमधली माणसं टिकवायची कशी
गोव्यात लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा, स्वयंसेवी ग्रुप चालवताय आणि पहिल्या मिटिंगला आलेले निम्मे लोक दुसरीला दिसत नाहीत, तर आधी भाषणं कमी करा. ऐकायला माणूस एकदा येतो, हातात काम दिलं की परत येतो, हे माझं ठाम मत आहे.

काम मात्र एका दिवसात उरकणारं हवं. आत्ताचंच बघा, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ज्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही असे धडधाकट लॅपटॉप घरोघरी पडून आहेत, त्यांच्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सचीच एक आवृत्ती टाकून द्यायचा एक दिवस ठेवा. नव्या मेंबरला जुन्याच्या शेजारी बसवा, पहिला लॅपटॉप जुना मेंबर करेल, दुसरा नवा करेल आणि तेव्हा जुन्याने कीबोर्डला हातच लावायचा नाही, हे फार महत्त्वाचं. आणि हो, बॅकअप घेतल्याशिवाय कुणाच्या मशीनला हात लावू नका, कुणाचे घरातल्या लग्नाचे फोटो गेले तर तो माणूसही गेला आणि त्याचं अख्खं घरही.

कोडिंग न येणाऱ्यांना विसरू नका. निवृत्त मास्तर, कॉमर्सची मुलं, यांना ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर, आपल्या वाड्यातली देवळं, पायवाटा, झरी टाकायला सांगा, किंवा भजनी मंडळाच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणायला द्या, यात मास्तरांची शुद्धलेखनाची नजरच जास्त उपयोगी पडते.

मिटिंग सकाळी ठेवा. पेडण्याहून किंवा काणकोणहून येणाऱ्याची परतीची बस चुकली की तो पुन्हा येत नाही. पणजीत कदंब स्टँडपासून चालत जाता येईल अशी जागा बघा, पण दरवेळी पणजीच कशाला, कधी फोंडा, कधी मडगाव करा. मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, तो चतुर्थीत सापडला तर सरळ पुढे ढकला, कोण येणार त्या दिवसांत!

कुणी सलग दोन मिटिंगना आला नाही तर व्हॉट्सॲपवर मेसेज नको, फोन करा, आणि ‘का आला नाहीस’ न विचारता पुढच्या वेळचं एखादं काम त्याच्यासाठी राखून ठेवलंय असं सांगा, आणि खरंच राखून ठेवा. दरवर्षी मिटिंग चालवणारा माणूस बदला, वेबसाइटचे पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या, म्हणजे एक जण नोकरीसाठी बंगळूरला गेला तरी ग्रुप अडत नाही.