काल मेल पाठवला आहे : इंग्रजी बोलताना आपली मराठी कुठे आड येते

मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास 2000 साली सुरुवात झाली. आमची तुकडी त्याआधीची असल्यामुळे इंग्रजी मुळाक्षरे आम्ही पाचवीत गिरवली. पुढे डिप्लोमा करून पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्ट विभागात लागलो, तेव्हा इंग्रजी बोलण्याची भीती पहिल्या वर्षातच गेली. चुका मात्र होत्या तशाच राहिल्या. माझे बोलणे समजते आहे म्हटल्यावर मला कोणी टोकत नसे आणि कोणी टोकत नसल्यामुळे आपले चांगले चालले आहे, अशा समजुतीत मी होतो.

ती समजूत एका रात्रपाळीत मोडली. परदेशातील ग्राहकाने फोनवर विचारले, "हॅवन्ट यू रीस्टार्टेड द सर्व्हर?" मी तत्परतेने "येस, सर" म्हणालो. माझ्या मनात होते, "हो, अजून केलेला नाही." मराठीत नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो, तर इंग्रजीतील 'येस' काम झाले असेल तरच म्हणायचा असतो. ग्राहकाने सर्व्हर पुन्हा सुरू झाला असे धरून पुढचे काम आरंभले आणि त्याचे दोन तास वाया गेले. तिथे "नो, नॉट यट" एवढेच उत्तर हवे होते.

त्या प्रसंगानंतर मी व्याकरणाचे एक जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले, आणि नव्याने येणाऱ्यांनी नेमके तेच टाळावे असे आता माझे मत आहे. त्यातील तीन चतुर्थांश गोष्टी मला येतच होत्या; ज्या येत नव्हत्या त्या कोणत्या, हे पुस्तक सांगू शकत नव्हते. खरा उपयोग झाला तो मोबाइलच्या रेकॉर्डरचा. दिवसभरातील कामाविषयी तीन मिनिटे बोलायचे आणि नंतर ते जसेच्या तसे, अडखळण्यासकट, वहीत उतरवून काढायचे. आपले बोलणे कागदावर वाचणे फारसे सुखाचे नसते; पण आठवडाभरातच लक्षात आले की चुका पुष्कळ असल्या तरी त्यांचे प्रकार जेमतेम पाच-सहा आहेत आणि बहुतेकांचे मूळ मराठी वाक्यात आहे.

उदाहरणार्थ, "मी काल मेल पाठवला आहे" हे मराठीत बिनचूक वाक्य आहे. त्याच साच्यातून माझे "आय हॅव सेंट द मेल यस्टर्डे" निघत होते. इंग्रजीत 'यस्टर्डे' किंवा 'लास्ट वीक' असा सरलेला काळ सांगितला की 'हॅव' गळते आणि "आय सेंट द मेल यस्टर्डे" एवढेच उरते. दुसरा खोडा 'पासून' या शब्दाचा. आपण "सोमवारपासून" म्हणतो आणि "तीन वर्षांपासून"ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' लागतो. शिवाय "काम करतो आहे" मधला वर्तमानकाळ तिथे चालत नाही, म्हणून "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स" या एका वाक्यात दोन चुका होतात. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स" हे मी नियम म्हणून पाठ केले नाही. माझ्या घराविषयी, गाडीविषयी, पाठदुखीविषयी अशी वीस खरी वाक्ये तयार करून ती बसस्टॉपवर पुटपुटत राहिलो.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलेला एक भेद मला फार कामाचा वाटतो : बोलण्याच्या ओघात घसरलेली चूक वेगळी आणि नियमच ठाऊक नसल्याने होणारी चूक वेगळी. रेकॉर्डिंग ऐकताना जी आपली आपल्याला कळते ती बहुधा पहिल्या जातीची. तिच्यासाठी बोलण्याचा वेग थोडा कमी करावा. जी दहादा ऐकूनही खटकत नाही ती जाणकाराकडूनच दाखवून घ्यावी लागते. शेजारच्या टेबलावरील सहकारी मॅडमना मी विनंती केली की पंधरा दिवस त्यांनी माझी एकाच प्रकारची चूक मोजावी आणि मध्येच न अडवता कागदावर फक्त रेघ ओढावी. सगळ्याच चुका एकदम दुरुस्त करायला गेल्यास तोंड उघडेनासे होते. याच कारणाने 'अ' आणि 'द' या उपपदांचा नाद मी सुरुवातीला मुद्दाम सोडला. त्यांच्या चुका संख्येने सर्वांत जास्त असतात, पण त्यांच्यामुळे अर्थ क्वचितच बिघडतो.

अचूकपणाचा सराव नव्या विषयावर करू नये, कारण काय बोलायचे हे शोधण्यातच सगळे लक्ष खर्च होते. तीच हकिगत आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगावी. दुसऱ्या खेपेपासून मजकूर हाताशी असतो आणि क्रियापदाकडे पाहायला सवड मिळते.

उच्चारांविषयी थोडेच सांगतो. आपल्या एका 'व' मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी कोंबलेले आहेत. 'व्हॅन'च्या आरंभी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वॉच'च्या आरंभी ओठांचा फक्त चंबू होतो. देवनागरी लेखनावर इथे विसंबू नये, कारण 'व्हील' आणि 'व्हाइट' आपण 'व्ह'ने लिहितो, पण त्यांत दात कुठेच टेकत नाहीत. आघाताचेही तसेच : 'हॉटेल', 'डेव्हलप' आणि 'कमिटी' या तिन्ही शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या दुसऱ्या उच्चारखंडावर, असतो, आपण मात्र तो सवयीने पहिल्यावर देतो.

सध्या माझ्या वहीत 'च'चे पान चालू आहे. "मी इथेच राहतो" याचे "आय स्टे हिअर ओन्ली" होते. हवे असते "आय लिव्ह राइट हिअर". कालच्या मीटिंगनंतर मॅडमच्या कागदावर चार रेघा होत्या, आणि त्यांतली एक मला अजूनही मान्य नाही.