गणपतीला गाडीनं गावी जाताना या चुका टाळा

मुंबई-ठाण्याहून चिपळूण, रत्नागिरी, कणकवली किंवा सावंतवाडीकडे निघालेली गाडी वाटेत अडली की शिव्या मुंबई-गोवा महामार्गाला बसतात. तो त्यांना पात्रही आहे. तरी अडण्याची बरीचशी कारणं आदल्या संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच तयार झालेली असतात. निघायची वेळ, गाडीत कोंबलेलं सामान आणि टायरमधली हवा, ही त्यातली मुख्य तीन.

रात्री दहाला निघणं

ऑफिस सुटलं, जेवणं झाली, दहा-अकराला गाडी काढली. चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन रात्री सगळे चाकरमानी हाच हिशोब करतात, म्हणून मध्यरात्री वडखळ-नागोठण्यापासून रांग लागते आणि इंदापूर-माणगाव ओलांडता ओलांडता उजाडतं. वाया गेलेल्या वेळापेक्षा चालवणाऱ्याची झोप जास्त महत्त्वाची. सकाळी सातला उठलेला माणूस पहाटे चारला एकवीस तास जागा असतो. रात्री दोन ते पाच ही वेळ मुळात पेंगेची आणि ती नेमकी या रांगेत जाते.

त्यापेक्षा चालवणाऱ्यानं आठ-साडेआठला जेवून झोपावं आणि पहाटे साडेतीन-चारला निघावं. सामान आदल्या दिवशीच भरून ठेवावं, नाहीतर ही झोप मिळतच नाही. रजा मिळत असेल तर चतुर्थीच्या चार दिवस आधी, आठवड्याच्या मधल्या वारी निघणं सगळ्यात सुखाचं. दोन चालक असतील तर दर दोन-अडीच तासांनी बदल करा. मात्र दुसऱ्यानं हीच गाडी आधी चालवलेली असावी, तिच्या क्लचची ओळख घाटात करून घेऊ नये.

मागचे तीन-चार किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, किंवा गाडी आपोआप पांढऱ्या पट्टीकडे सरकते, अशी लक्षणं दिसली की चहा आणि उघडी काच कामाची नाहीत. वीस मिनिटांची झोपच घ्यावी लागते. ती रस्त्याच्या कडेला घेऊ नका. उजेडाचा पेट्रोल पंप गाठा, किंवा गणपतीच्या दिवसांत महामार्गावर उभारलेलं सुविधा केंद्र. तिथे प्रथमोपचाराचीही सोय असते.

गाव कुठलंही असो, रस्ता एकच

पनवेल-पेण-वडखळ हा पट्टा तुंबला असेल, तर द्रुतगती मार्गानं खोपोलीला उतरून पालीमार्गे वाकण फाट्याला महामार्ग धरता येतो. पुढचं माणगाव मात्र त्यानं चुकत नाही.

पुण्यावरून वळसा घ्यावा का, हे गाव किती दक्षिणेला आहे त्यावर ठरतं. चिपळूणपर्यंतच्या लोकांना त्यात अर्थ नाही, शंभराहून बरेच अधिक किलोमीटर वाढतात. रत्नागिरीला आंबा घाटानं शंभराच्या पुढे वाढतात, त्यामुळे महामार्ग खरोखरच ठप्प असेल तरच तो विचार करावा. कणकवली-वैभववाडीकडच्यांना कोल्हापूरहून गगनबावडा किंवा राधानगरी-फोंडा घाट घेतला तर वाढ बरीच कमी, आणि सावंतवाडीच्या लोकांना निपाणी-आजरा-आंबोली घेतला तर त्याहूनही कमी. तळकोकणातल्या माणसानं माणगावच्या रांगेत चार तास काढणं ही हौस झाली.

दोन गोष्टी आधी पाहा. ठरवलेला घाट चालू आहे ना? पावसाळ्यात दरडी आणि दुरुस्तीमुळे घाट बंद होतात, वरंध तर वारंवार. जिल्हा प्रशासनाच्या आणि पोलिसांच्या सूचना निघायच्या दिवशीच वाचा. दुसरं म्हणजे टोलमाफीचा पास. गेली काही वर्षं गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना तो आरटीओ, वाहतूक शाखा किंवा पोलीस ठाण्यातून मिळतो. शेवटच्या दिवशी तिथेही रांगच असते.

मोबाइलवरचा नकाशा कोंडी दिसली की गावातल्या आडवाटेला वळवतो. दिवसा ठीक. रात्री पावसात समोरून एसटी आली तर अशा एकपदरी रस्त्यावर कुणालातरी अर्धा किलोमीटर मागे जावं लागतं, आणि ते एसटी करत नाही. घाटात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

वजन वाढलं, हवा तीच

पाच माणसं, डिकी भरलेली, वर कॅरियर, आणि टायरमध्ये रोजची हवा. अशी गाडी खड्ड्यात आपटली की टायरची बाजू रिमखाली चिरडते आणि फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. चालकाच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो. त्यावर भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, मागच्या टायरचा बहुधा काही पीएसआयनं जास्त. टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्याच पंपावर, तो भरून घ्या. शंभर किलोमीटर चालल्यावर आकडा आपोआप वर जातो. तेव्हा हवा काढू नका.

स्टेपनीतही हवा पाहा. ती सामानाखाली असते, सीएनजीच्या गाडीत तर बऱ्याचदा टाकीच्या मागे अडकलेली. जॅक आणि पाना लगेच हाताला येतील असे ठेवा. नट एकदा घरीच सैल करून पुन्हा आवळून पाहावेत. गॅरेजात मशीननं आवळलेला नट भर पावसात हातानं सुटत नाही.

कॅरियरवर जड पेट्या नकोत. छप्पर किती वजन पेलतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. वर अंथरुणं आणि कपडे ठेवा, खाली तांदूळ-डबे, तेही मागच्या सीटला टेकवून. ताडपत्रीची टोकं मोकळी राहिली तर वाऱ्यानं फडफडून पेणच्या आधीच फाटते. दोर आडवा-उभा दोन्हीकडून घ्या.

सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी निम्मी तरी भरलेली ठेवावी. गणपतीत सीएनजी पंपांवर तास-दोन तास मोडतात आणि दाबही कमी मिळतो. भरलेली गाडी घाट चढताना पेट्रोलवर घेतलेली बरी.

मूर्ती सीटवर ठेवणं

गावात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, मूर्तीसाठी पाट दिलेला असेल तर हा प्रश्नच नाही. पण मुंबईहून किंवा पेणहून मूर्ती नेणारे ती कुणाच्या मांडीवर नाहीतर सीटवर ठेवतात. जोराचा ब्रेक लागला की पहिला तडा हाताच्या मनगटाला किंवा सोंडेला जातो. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ, शिवाय दमटपणाही तिला सोसत नाही. पुढच्या डाव्या सीटमागे, गाडीच्या जमिनीवर जाड फोम अंथरा, त्यावर खोका, आणि मूर्तीभोवती गुंडाळलेली चादर अशी बसवा की कुठूनही हलणार नाही. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. पुढची सीट नीट मागे सरकवून खोका अडकवला की काम झालं.

गाडी लागणं

उपाशीपोटी निघालं म्हणजे उलटी होत नाही, हा गैरसमज. रिकाम्या पोटी आणि वडापाव-मिसळीनंतर, दोन्ही वेळा मळमळतं. पोळी, इडली, केळं असं थोडं थोडं खावं. ज्याला गाडी लागते त्यानं मोबाइल पाहू नये, नजर समोरच्या रस्त्यावर ठेवावी. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. चालवणाऱ्यानं तर अजिबात घेऊ नये, कारण यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

शौचालयाच्या भीतीनं घरातल्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. दर दोन तासांचा थांबा आधीच ठरवा आणि विचारायची वेळ आणू नका.

घाटात वास येतो तेव्हा

चढावर रांग लागली की गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवायची सवय प्लेट जाळते. पुढच्या गाडीशी अंतर सोडा, थांबल्यावर हँडब्रेक ओढा, क्लच पूर्ण सोडा. जळका वास आलाच तर सुरक्षित जागी न्यूट्रलमध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबा.

उतारावर वास आला तर तो ब्रेकचा. पेडल मऊ लागलं की थांबायचंच. अर्धा तास थंड होऊ द्या, डिस्कवर पाणी ओतू नका. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, बहुतेक वळणांवर दुसऱ्या. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर हातानं घेता येतो, तो वापरा. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी आधी ब्रेकचा खर्च विचारावा.

तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण, आणि बाजूला थांबून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. पाऊण तास धीर धरा.

काचेला आतून वाफ धरली तर फडक्यानं पुसत बसू नका. एसी चालू करून बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबा. पावसात चारही इंडिकेटर लावून चालवणंही सोडा, वळताना मागच्याला काहीच कळत नाही.

साचलेल्या पाण्यात गाडी घालणं

सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, अर्जुना या नद्या भरल्या की महाड, खेड, चिपळूण, राजापूरच्या सखल भागात पाणी येतं. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल तर थांबा. वाहतं असेल तर त्याहून कमी असलं तरी थांबा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल लाखात जाऊ शकतं. ढकलून बाहेर काढा आणि टोइंग मागवा. राष्ट्रीय महामार्गाची मदत 1033, पोलीस 112, रुग्णवाहिका 108.

गावात पोहोचल्यावर

माडाखाली गाडी लावू नका. नारळ नाही पडला तर झावळ पडते. पाच-सात दिवस पावसात उभी राहणारी गाडी हँडब्रेकवर ठेवली तर मागचे ब्रेक चिकटतात. ती गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. दोन-तीन दिवसांनी वीस मिनिटं फिरवून आणा, म्हणजे बॅटरी बसत नाही आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार मांडलेलाही वेळेत कळतो.

परतीची घाई

जाताना सगळे सावध असतात, चुका परतताना होतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, नाचून दमले, आणि त्याच रात्री गाडी काढली, हा प्रकार सगळ्यात धोक्याचा. एक रात्र झोपा आणि पहाटे निघा. रजा उरली असेल तर विसर्जनानंतरचा दुसरा दिवसही सोडून द्या.

वजनही परतताना वाढतं. सोललेले पन्नास नारळ म्हणजे तीसेक किलो, वर तांदळाचं पोतं, काकड्या, चिबूड. जाताना मखराचं सामान होतं तिथे आता हे असतं, म्हणून निघण्याआधी तालुक्याच्या गावात पुन्हा हवा तपासा. नारळ पोत्यात बांधूनच ठेवा. एखादा सुटा नारळ घरंगळत चालकाच्या पायाशी आला, तर ब्रेकचं पेडल खालपर्यंत जात नाही.