आधी रंग, शेवटी ऑइल पेस्टल

शब्द, खुणा आणि माणसं एकाच कागदावर आणायची असतील, तर आधी क्रम सांभाळा. पहिला थर ॲक्रिलिकचा, म्हणजे पाण्यात मिसळून लावायच्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचा. तो पूर्ण वाळला की कोळसा आणि ऑइल पेस्टल (तेलकट रंगखडू) अगदी शेवटी. पेस्टलच्या तेलकट थरावर ॲक्रिलिक धरत नाही, नखानेही पापुद्रा निघतो. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात ॲक्रिलिक ताटलीतच वाळतं, म्हणून थोडं थोडंच काढा. पेस्टल मात्र उन्हात मऊ पडतं, तेव्हा ते काम सकाळीच उरका.

आता शब्द. न्यूयॉर्कचा चित्रकार ज्याँ-मिशेल बास्किया (1960–1988) शब्द लिहून त्यावर काट मारायचा. खोडलेल्या शब्दाकडे नजर जास्त जाते. देवनागरीत आडवी काट शिरोरेषेत मिसळते, म्हणून ती तिरपी मारा आणि अक्षरं वाचता येतील एवढीच. कापसाच्या पावतीवरचा ‘ओलावा’ किंवा ‘क्विंटल’ असा खोडून पाहा, किती बोलतो तो!

आकृतीसाठी पोळ्याचा बैल घ्या. झूल-बेगड नको, आतल्या बरगड्या दाखवा आणि बाजूला ‘वशिंड’, ‘खूर’ अशी नावं लिहा. लहानपणी अपघातानंतर आईने दिलेलं शरीररचनेचं पुस्तक बास्कियाच्या चित्रांत असंच उतरलं होतं. नावांची अक्षरं मुद्दाम सुबक काढू नका, हात जसा चालतो तसा चालू द्या.

ऑइल पेस्टल पूर्ण कधीच वाळत नाही. चित्र गुंडाळू नका. वर बटर पेपर ठेवून सपाटच ठेवा, पत्र्याच्या खोलीत तर नकोच.