पीठ चाळलं, पण मळलं डब्यातलंच: झॉड वापरताना या चुका टाळा

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी मी एकदा नोंदणीचा फॉर्म केला होता. नोडवर (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) छोटासा एक्सप्रेस सर्व्हर, आणि आलेली माहिती आपण लिहिलेल्या नियमांत, म्हणजे स्कीमात, बसते का हे तपासायला झॉड ही सुटी लायब्ररी. रकाने मोजकेच: नाव, मोबाइल, ईमेल, वय, पिनकोड आणि 'जेवण हवं का'. यादी केटररकडे गेली तेव्हा कळलं, 'जेवण नको' म्हणणारे एकजात सगळे पंगतीत बसले होते.

चूक माझीच. फॉर्ममधून आलेलं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं, म्हणून त्या रकान्याला मी झॉडचं कोअर्स बूलियन (आलेल्याचं 'ट्रू' किंवा 'फॉल्स' करून घेणारं) लावलं. ते आतून जावास्क्रिप्टचं बूलियन फंक्शन चालवतं, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग म्हणजे 'ट्रू'. मग तिच्यात 'फॉल्स' लिहिलेलं का असेना! झॉडच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी, शब्द वाचून ठरवणारं, स्ट्रिंगबूल आहे. जुनी आवृत्ती असेल तर 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे दोनच शब्द घेणारा ईनम (ठरावीक पर्यायांची यादी) लिहा आणि पुढे ट्रान्सफॉर्मने त्याचं बूलियन करा. वयाचीही तीच गत. रिकाम्या रकान्याचं कोअर्स नंबर शून्य करतं, आणि किमान मर्यादा घातली नसेल तर शून्य वर्षांचा माजी विद्यार्थी बिनबोभाट आत येतो.

रिकाम्या रकान्याचा दुसरा घोळ ऑप्शनलचा. ईमेल ऐच्छिक ठेवला, तरी तो न भरणाऱ्याला 'ईमेल चुकीचा' असा एरर येतो. ऑप्शनल म्हणजे 'अनडिफाइंड चालेल', म्हणजे रकाना आलाच नाही तरी चालेल, आणि ब्राउझर पाठवतो रिकामी स्ट्रिंग. तपासणीआधीच तिचं अनडिफाइंड करून घ्या. नावाचं याच्या उलट: नुसतं 'स्ट्रिंग' म्हटलं की रिकामं नावही पास, त्यामुळे मिन १ (किमान एक अक्षर) हवंच. तेही ट्रिमनंतर, म्हणजे कडेच्या स्पेस काढल्यावर. साखळी लिहिल्या क्रमाने चालते. आधी मिन आणि मग ट्रिम लिहिलंत, तर तीन स्पेस दाबणारा पास होतो आणि तुमच्या हातात रिकामी स्ट्रिंग उरते.

पण कोड रिव्ह्यूत मला सगळ्यात जास्त वेळा दिसते ती चूक वेगळीच. सेफपार्स (झॉडची तपासणी) केलं, सक्सेस आहे हे पाहिलं, आणि डेटाबेसमध्ये टाकलं ते रिक्वेस्टचं मूळ बॉडीच, म्हणजे फॉर्ममधून जसंच्या तसं आलेलं. पीठ चाळायचं आणि मळायला मात्र डब्यातलंच घ्यायचं, तसा प्रकार. झॉड मूळ ऑब्जेक्टला हात लावत नाही. ट्रिम झालेलं नाव, आकडा झालेलं वय, हे सगळं निकालातल्या डेटामध्ये असतं. स्कीमात नसलेल्या जादा की (रकान्यांची नावं) झॉड गुपचूप गाळतो, पण त्याही तिथूनच. मूळ बॉडीत कुणी 'ॲडमिन: ट्रू' घुसडलं असेल तर ते जागच्या जागी असतं. हँडलरमध्ये पार्सच्या ओळीखाली 'बॉडी' हा शब्द पुन्हा दिसला की मी तिथेच अडून बसतो. जॉय ही अशीच दुसरी लायब्ररी वापरून आलेल्यांची इथे आणखी एक फसगत होते: जॉय अनोळखी कीवर एरर देतो, झॉड देत नाही. तसं हवं असेल तर स्ट्रिक्ट लावा.

आता मराठी नावं. ए ते झेडची रेजेक्स (कुठली अक्षरं चालतील हे सांगणारा नमुना) लावणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. पण शहाणपणा करून युनिकोडचा 'अक्षर' वर्ग लावला तरी 'सुनीता' नापास होते! काना, वेलांटी, उकार युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, 'मार्क' आहेत. तो वर्गही जोडावा लागतो. तेवढं करून हुश्श म्हणावं, तर 'कुऱ्हाडे' अडतात. त्यातला ऱ्ह काही कीबोर्ड वेगळा ऱ वापरून लिहितात, तर काही साध्या र चा पाय मोडून पुढे झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण हा जॉइनर ना अक्षर, ना मार्क. रेजेक्समध्ये त्यालाही जागा द्या, आणि नाव शोधताना किंवा जुळवताना दोन्ही रूपं आधी एकसारखी करून घ्या. लांबीची मर्यादाही सढळ ठेवा. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरी वाटतो, जावास्क्रिप्ट मोजतं १०.

मोबाइल आणि पिनकोड नंबर नव्हेत, स्ट्रिंगच ठेवा. त्यांची बेरीज कुणी करत नाही. लोक '४११ ०३०' अशी मधे जागा सोडतात, मोबाइलआधी शून्य किंवा अधिक ९१ लावतात, ते आधी साफ करा. मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी आकडे हा खरा सापळा. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला अंकांचा वर्ग फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. पायथनमध्ये तोच वर्ग साध्या स्ट्रिंगवर देवनागरीही घेतो. दोन सर्व्हर दोन भाषांतले असतील तर एकीकडे नापास झालेला नंबर दुसरीकडे पास होतो. दहा आकड्यांचं इंग्रजीत रूपांतर करणारं चार ओळींचं फंक्शन स्कीमाआधी चालवा, भांडण मिटतं.

सगळेच रकाने एकदम 'आवश्यक' म्हणून ओरडायला लागले, किंवा कुठल्याच रकान्याचं नाव नसलेला एकच एरर आला, तर स्कीमावर चिडू नका. बहुतेक वेळा बॉडी पोचलेलंच नसतं: पार्सर (बॉडी वाचून देणारा भाग) लावायचा राहिला, नाहीतर कंटेंट टाइप (माहिती कुठल्या स्वरूपात आहे हे सांगणारा हेडर) चुकला. एररमधला पाथ, म्हणजे तक्रार कुठल्या रकान्याबद्दल आहे ते, बघा. तो रिकामा असेल तर तक्रार पूर्ण ऑब्जेक्टबद्दल आहे.

'हा मोबाइल आधी नोंदवलाय का' हे रिफाइनमध्ये (आपण स्वतः लिहिलेली जादा तपासणी) डेटाबेसला विचारत असाल तर सेफपार्स चालत नाही, सेफपार्सअसिंक लागतं. नाहीतर एरर निकालात न येता थेट थ्रो होतो. आणि एवढं करूनही घाईत दोनदा बटण दाबणाऱ्याच्या दोन नोंदी होऊ शकतात, कारण दोन्ही तपासण्या पहिली नोंद पडायच्या आधीच उरकलेल्या असतात. त्यावर झॉडकडे इलाज नाही. डेटाबेसमध्ये मोबाइलच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेण्याची अट) टाका आणि तो एरर पकडून माणसाला कळेल अशा मराठीत दाखवा.