व्ही आणि डब्ल्यू : शेजारच्या दोन अक्षरांचे शब्द जोडीने कसे शिकावेत

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून अनेक जण शब्दकोश एपासून पाठ करू लागतात आणि डीपर्यंत पोहोचेतो थकून जातात. त्यापेक्षा ज्या शेजारच्या अक्षरांत आपली हमखास गल्लत होते, ती अक्षरे जोडीने घेऊन त्यांचे शब्द समोरासमोर ठेवणे अधिक फलदायी ठरते. मराठी भाषकाने या कामाची सुरुवात वर्णमालेतील २२व्या व्हीपासून आणि २३व्या डब्ल्यूपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ही दोन्ही अक्षरे आपण एकाच ‘व’च्या घरात कोंबतो.

देवनागरीत ‘व्हॅन’ आणि ‘व्हील’ हे दोन्ही शब्द ‘व्ह’नेच लिहिले जातात, इंग्रजीत मात्र पहिला व्हीने सुरू होतो आणि दुसरा डब्ल्यू-एचने. म्हणून नवा शब्द देवनागरीत टिपून ठेवण्याची सवय निदान या जोडीपुरती तरी सोडावी. शब्द रोमन लिपीत लिहावा आणि लिहिताना त्यातील एकेक अक्षर मोठ्याने म्हणावे.

शब्द गोळा करण्याआधी उच्चार पक्का करावा. आरशासमोर उभे राहून वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवावेत आणि तसाच आवाज काढावा. ओठाला गुदगुल्या झाल्यासारखी थरथर जाणवली, की तो व्हीचा उच्चार झाला. डब्ल्यूसाठी दातांचे काहीच काम नाही. ‘उ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करावा आणि तेथून पुढच्या स्वरावर झटकन यावे. मराठी ‘व’ या दोहोंच्या मधोमध पडतो, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही उच्चार थोडे अतिशयोक्तीने केले तरी चालतील. पशुवैद्याला म्हणतात तो व्ही-ई-टी आणि ओला या अर्थाचा डब्ल्यू-ई-टी, किंवा झरोका या अर्थाचा व्ही-ई-एन-टी आणि ‘गेला’ या अर्थाचा डब्ल्यू-ई-एन-टी, अशा जोड्या रोज पाच मिनिटे म्हणाव्यात.

शब्द लक्षात ठेवण्यासाठी त्यांचे कूळ ठाऊक असणे फार उपयोगी पडते. वॉटर, विंड, विंटर, वूल, वर्ड, वर्क हे डब्ल्यूचे शब्द इंग्रजीच्या जुन्या जर्मानिक ठेव्यातले, म्हणजे घरातले आणि रोजच्या व्यवहारातले आहेत; व्हॉइस, व्हॅली, व्हिलेज, व्हिक्टरी, व्हॅल्यू हे व्हीचे शब्द मात्र फ्रेंचमधून आणि मुळात लॅटिनमधून आलेले आहेत. या नियमाला थोडे अपवाद आहेत, पण नवशिक्याला त्याचा आधार पुरेसा भक्कम आहे. मला सर्वांत आवडणारी जोडी द्राक्षांची आहे. मद्य या अर्थाचा वाइन हा शब्द डब्ल्यूने लिहितात आणि द्राक्षवेल या अर्थाचा व्हाइन व्हीने, तरीही दोन्हींचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. पहिला फार पूर्वी, लॅटिनमधील व्हीचा उच्चार आजच्या डब्ल्यूसारखा होत असताना जर्मानिक भाषांत शिरला. दुसरा पुष्कळ नंतर फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. डब्ल्यू या नावाचा अर्थच ‘दुहेरी यू’ असा आहे, कारण एकेकाळी यू आणि व्ही ही वेगळी अक्षरे नव्हती. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही यू आणि व्हीचे शब्द एकाच क्रमात मिसळलेले आहेत.

स्पेलिंगच्या बाबतीत डब्ल्यू अधिक लहरी आहे. त्याच्यानंतर ओ-आर आले, की उच्चार बहुधा ‘वर’ होतो, उदाहरणार्थ वर्ड, वर्ल्ड, वर्स. ए-आर आले, की बहुधा ‘वॉर’ होतो, जसे वॉर, वॉर्म, वॉर्ड. त्यामुळे अळी या अर्थाचा वर्म ओने आणि ऊबदार या अर्थाचा वॉर्म एने लिहायचा, हे आपल्या कानाला उलटे वाटले तरी तसेच घोटून घ्यावे. आरच्या आधी आलेला डब्ल्यू मुका असतो, म्हणून राइट, राँग, रिस्ट यांसारखा शब्द शब्दकोशात आरखाली सापडला नाही, तर तो डब्ल्यू-आरखाली शोधावा. व्हीचा मुख्य नियम सोपा आहे : इंग्रजी शब्दाच्या शेवटी तो सहसा एकटा राहत नाही. हॅव, गिव्ह, लव्ह, ट्वेल्व्ह या सर्वांच्या शेवटी ई येतो.

वहीच्या डाव्या पानावर व्हीचे आणि उजव्या पानावर डब्ल्यूचे शब्द लिहावेत. दररोज प्रत्येकी तीनच शब्द घ्यावेत आणि प्रत्येक शब्दाचे स्वतः रचलेले एक वाक्य लिहावे. आठवड्याच्या शेवटी कोणालातरी ते शब्द मिसळून वाचायला सांगावेत आणि आपण ते ऐकून योग्य पानावर उतरवावेत; जो शब्द चुकीच्या पानावर गेला, तो पुढच्या आठवड्याच्या यादीत पुन्हा घ्यावा. सरावासाठी ‘व्हेरी वेल’ हे दोन शब्द जवळ ठेवावेत. पहिल्यात दात ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात, आणि हा बदल न अडखळता जमू लागला, की जोडीतील पुढचे शब्द घेता येतात.